बारा जुज

सन १९५४, पौष वद्य चतुर्थी. हुरड्याचे दिवस होते.

"उसवता येईल का रे?" अमीनशानं विचारलं.

सटवाजी जिनगराला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यानं नुकतीच म्हाताऱ्याच्या हातात एक कोरी वही ठेवली होती. स्वतः बांधलेली. लाल चामडं, गोल पाठ, तिन्ही कडा कापून गुळगुळीत केलेल्या. अशी वही औरंगाबादेत दुसरा कुणी बांधत नाही, असं तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं.

तो शाबासकीची वाट बघत मांडी घालून बसला होता.

"काय म्हणालात, बाबा?"

"ही वही. उसवता येईल?"

"उसवायची कशाला? चांगली बांधलीय."

"ते मी विचारलं नाही."

दारात लिंबाजी कुंभार हुरडा चोळत होता. तो चोळायचा थांबला.

अमीनशा फकीर होता. दौलताबादच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला बोरगव्हाण म्हणून गाव, आणि गावाबाहेर चिंचेखाली त्याचा तकिया, म्हणजे फकिराचं राहायचं ठिकाण. फकीर असून तो कधी कुणाच्या दारात उभा राहिला नाही. पुस्तकं बांधायचा. कुराण आलं तर कुराण, पोथी आली तर पोथी, शाळेचा फाटका नकाशा आला तर तोही. कुणी पायली ज्वारी आणून दिली तर ठेवून घ्यायचा. नाही दिली तर विचारायचा नाही.

सटवाजी विसाव्या वर्षी त्याच्याकडं शिकायला आला होता. दोन वर्षं राहिला. हात चांगला होता, आणि ते त्याला लवकर कळलं. एका सकाळी तो न सांगता शहरात निघून गेला.

आता तो पंचेचाळिशीचा झाला होता. शहरात दुकान होतं. कोर्टाची पुस्तकं, कॉलेजाची पुस्तकं त्याच्याकडं गाडीनं येत. पुस्तकं आवळून धरायचे दोन शिकंजे होते, कागद कापायचं मोठं यंत्र होतं, आणि दारावर पाटी होती. पाटीवर धंद्याचं नाव बारीक होतं आणि त्याचं मोठं.

तो परत आला तो एका बाडासाठी.

बाड म्हणजे हातानं लिहिलेली, शिवलेली जुनी वही. हे बाड तकियाचं. तकियाचे पहिले फकीर आलमशा. त्यांनी मराठीत ओव्या रचल्या आणि स्वतःच्या हातानं या बाडात लिहिल्या. दर चैत्री पुनवेला उरूस भरायचा आणि त्या दिवशी बाड उघडून गावासमोर वाचायचं. वाचायचा मान कुंभारांच्या घराचा. लिंबाजीच्या आज्यानं वाचलं, बापानं वाचलं, आता लिंबाजी वाचत होता.

गेल्या उरसाला वाचता वाचता तीन पानं वाऱ्यानं उडाली. दोन लगेच सापडली. तिसरं एका शेळीच्या पुढ्यात सापडलं, आणि सापडलं तेव्हा त्याचा एक कोपरा गेलेला होता. गावानं तिथंच ठरवलं. पुढच्या उरसाआधी बाड नव्यानं बांधायचं. नाही बांधलं तर उघडायचं नाही.

बांधायचं ते अमीनशानंच. पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. माणूस दिसायचा, सुई दिसत नव्हती.

हे सटवाजीच्या कानावर गेलं आणि तो धावत आला. मी बांधतो म्हणाला. काही घेणार नाही म्हणाला. एकच मागणं होतं. पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, खाली कोपऱ्यात, बारीक सोनेरी अक्षरांत चार शब्द घालायचे. 'सटवाजी जिनगर यांनी बांधले.'

बाकी त्यानं काही बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या मनातलं साधं होतं. कोर्टाची पुस्तकं दहा-वीस वर्षांत रद्दीत जातात. त्यांच्याबरोबर बांधणाराही जातो. हे बाड राहणार होतं.

अमीनशानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उठला, भिंत चाचपत कोनाड्यापाशी गेला, आणि कागदाचा एक गठ्ठा काढून आणला. हातानं केलेला कागद. तो करणारा कारागीर वारला होता आणि त्याची पोरं कापडाच्या गिरणीत लागली होती. तसा कागद पुन्हा होणार नव्हता.

चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांचा एक जुज होतो. असे बारा जुज त्यानं सटवाजीच्या हातात मोजून दिले.

"याची कोरी वही बांधून आण. मग बघू."

आठ दिवसांत सटवाजी वही घेऊन हजर झाला. आणि म्हातारा तिच्याकडं बघून विचारत होता, उसवता येईल का.

अमीनशानं वही नाकाशी धरली.

"सरस लावलास."

"हो. चिकटवायला पाठीला दोन हात दिलेत."

मग त्यानं नखानं कडा चाचपल्या. एक कड, दुसरी, तिसरी.

"कागदाच्या कडा कुठं गेल्या?"

"कापल्या. हातकागदाच्या कडा वेड्यावाकड्या असतात, बाबा. वहीला शोभत नाहीत."

"आणि कातरण?"

"असेल पोत्यात."

म्हाताऱ्याची बोटं चामड्यावरून खाली गेली आणि एका जागी थांबली.

"हे काय लागतंय?"

"नाव आहे."

"कुणाचं?"

"माझं."

दारातून लिंबाजी म्हणाला, "ते बरं केलं. वही हरवली तर जिनगराच्या घरी नेऊन देता येईल."

सटवाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं लिंबाजीकडं पाहिलंही नाही. तो अमीनशाला आपलं काम समजावून सांगू लागला. बारा जुज एकावर एक रचून शिकंज्यात आवळले. पाठीला करवतीनं पाच खाचा पाडल्या. त्या खाचांत सुतळी बसवली, सुतळीला धरून दोरा घातला, वर गरम सरस ओतला. खाचांत सरस उतरला की सगळं एकजीव होतं. दोन बैल दोन बाजूंनी ओढले तरी ही वही सुटायची नाही.

"म्हणजे उसवता येणार नाही," अमीनशा म्हणाला.

"नाही." सटवाजी ताठ बसून म्हणाला.

...

चिंचेवर कावळा बसला होता तो उडून गेला. अमीनशानं वही खाली ठेवली आणि लिंबाजीला बाड आणायला सांगितलं.

लिंबाजीनं हात धुतले, पुसले, आणि पेटीतून रुमालात बांधलेलं बाड आणून म्हाताऱ्यापुढं ठेवलं. म्हाताऱ्यानं ते सटवाजीपुढं सारलं.

सटवाजीनं गाठ सोडली. पाठीवरचं कापड केव्हाच गेलेलं. घड्या झिजल्या होत्या. कित्येक कागद घडीतून दुभंगून दोन सुटी पानं झाले होते. शाई मात्र जशीच्या तशी काळीभोर.

"घडीत भोकं किती?" अमीनशानं विचारलं.

"पाच."

"पुढच्या जुजात?"

"पाच."

"सगळ्यात मागच्या?"

सटवाजीनं उलटून पाहिलं. "पाचच."

"हे बाड सात जणांनी बांधलंय. पण सहावं भोक कुणी पाडलं नाही. जुन्याच भोकांतून दोरा घातला."

सटवाजीनं पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं.

"त्या सात जणांची नावं कुठं आहेत?"

अमीनशा नुसता बाडावरून हात फिरवू लागला.

सटवाजीला वाटलं, म्हातारा अडला. तो पुढं सरकला. "बाबा, रागावू नका. सात वेळा बांधावं लागलं, याचा अर्थ सातही वेळा कच्चं बांधलं. मी एकदाच बांधीन. पुन्हा कुणाला हात लावावा लागणार नाही."

"सात वेळा उसवता आलं," अमीनशा म्हणाला, "म्हणून आहे."

...

लिंबाजीनं बाड पुन्हा रुमालात बांधलं. सटवाजी बघत राहिला.

"मग मला द्यायचं नाही का बाड?"

"आधी दिलेले बारा जुज परत कर."

"ते तर या वहीत गेले."

"दिले तसे आण."

"आता ते कसे येतील? दुसरा कागद देतो. गिरणीचा, उत्तम, दोन रीम देतो."

"मी तुला रीम दिली नव्हती."

"बाबा, बारा जुज कागदासाठी तुम्ही..."

"तो कागद माझा नव्हता, सटवा. बाडाच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला होता. तेवढाच होता. वही उसवून परत मिळेल म्हणून दिला."

सटवाजीनं वही उचलली आणि पायतण नीट न चढवताच तो फाट्याकडं चालू लागला.

शहरात पोचेपर्यंत त्याचा राग उतरला नाही. म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याला कामातलं काय कळणार, असं तो स्वतःला सांगत होता. पण जिनगराच्या घरात एक रीत होती. दुसऱ्याचं जीन दुरुस्तीला आलं आणि आपल्या हातून बिघडलं, तर ते पूर्ववत करून द्यायचं. पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. त्याच्या बापानं एका घोडेवाल्याचं आपल्या हातून फाटलेलं खोगीर तीन महिने बसून जोडून दिलं होतं. ती गोष्ट सटवाजी गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

दोन दिवसांचं काम, असा त्यानं हिशेब केला.

पहिल्या दिवशी त्यानं चामडं सोलून काढलं. पुठ्ठे काढले. दोरा कापला. मग एक जुज धरून ओढला. निघेना. आणखी जोरानं ओढला. वरचा कागद घडीतून टर्रकन दोन झाला.

तो कितीतरी वेळ ते दोन तुकडे हातात धरून बसून होता.

त्याची बायको सरूबाई भाकरीचं ताट घेऊन आली. तिनं आधी तुकडे पाहिले, मग त्याचं तोंड पाहिलं.

"पंचवीस वर्षं बांधलं," ती म्हणाली. "आता सोडायला शिका."

मग त्यानं घाई टाकली. मैद्याची घट्ट खळ केली आणि पाठीवर जाड थापली. खळीच्या ओलीनं सरस हळूहळू मऊ पडतो. मऊ पडला की हाडाच्या पट्टीनं खरवडायचा. जेवढा सुटेल तेवढाच काढायचा, बाकीवर पुन्हा खळ थापायची. दिवसाला एक जुज सुटायचा. कधी तोही नाही. दुकानातलं काम त्यानं गड्यांवर सोपवलं. कॉलेजाचा माणूस दोनदा येऊन परत गेला.

माघ संपता संपता बारा जुज सुटे झाले. एकूण अठ्ठेचाळीस कागद. प्रत्येक कागदाच्या घडीत करवतीच्या पाच खाचा. दोनशे चाळीस भोकं, आणि त्यांच्या कडांना सरसाचा पिवळा डाग.

सरस कोमट पाण्यानं गेला. खाचा राहिल्या.

खाच म्हणजे तिथला कागद गेलेला असतो. गेलेला कागद आणायचा कुठून? त्यानं गिरणीच्या कागदाची ठिगळं लावून पाहिली. पांढऱ्या धोतराला खाकी ठिगळ लावावं तशी दिसत होती. शिवाय तिथं घडी ताठ व्हायची.

तेव्हा त्याला म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला. कातरण कुठं आहे?

तो माजघरात गेला. पोतं चुलीपाशी होतं. सरूबाई त्यातलं कातरण मूठमूठ घेऊन चूल पेटवत होती. चांगला जाळ धरतं, म्हणाली. अर्ध्याहून जास्त पोतं गेलं होतं. त्यानं ते तिच्या हातून घेतलं, आडवं केलं, आणि जमिनीवर बसून गिरणीच्या पांढऱ्या कातरणातून हातकागदाच्या पिवळसर चिंध्या वेचू लागला. सरूबाई थोडा वेळ उभी राहिली. मग तीही बसली.

"कापून फेकलं तेव्हा कळलं नव्हतं का?" तिनं विचारलं.

"नव्हतं."

एक पातेलंभर कातरण मिळालं.

अमीनशाकडं असताना तो कागद आणायला कारागिराच्या हौदावर जायचा. लगदा कसा करतात ते त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं, केलं नव्हतं. कातरण चार दिवस भिजवलं, उखळात कुटलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा कुटलं. दह्यासारखं झालं तेव्हा त्यात थोडी खळ घातली. दाभणाच्या टोकानं एकेका खाचेत तो लगदा भरायचा, वर घोंगडीचा तुकडा ठेवायचा, त्यावर वजन. दुसऱ्या दिवशी वजन काढायचं.

पहिल्या साठ खाचा भरल्या आणि त्याला बरं वाटलं. कागद दुमडून पाहिले तर भरलेल्या जागी टचटच आवाज झाला आणि लगदा तडकून खाली पडला. खळ दाट झाली होती. दाट खळ वाळली की काचेसारखी होते. पकडते जोरात, पण वाकत नाही.

साठच्या साठ खाचा त्यानं ओल्या करून रिकाम्या केल्या आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. खळ अर्धी पातळ केली. तरी ताठ. आणखी पातळ केली. शेवटी खळ इतकी पातळ झाली की बोटाला जेमतेम चिकटायची. ती धरणार नाही असं वाटत होतं. ती धरली, आणि घडी वाकली तरी तडकली नाही.

फाल्गुन असाच गेला. होळी झाली. बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि सुरकुतली होती. काम करताना तो हल्ली दिव्याकडं बघत नसे. घडीवरून अंगठ्याचं नख फिरवायचा. नखाला लागलं की अजून जाड आहे. लागलं नाही की झालं.

फाटलेला कागद त्यानं सगळ्यात शेवटी घेतला.

लाल चामडं तेवढं उरलं. दुकानातल्या एका मेजाचा पाय डुगडुगत होता. सरूबाईनं चामडं घडी करून त्याखाली सारलं. नावाची बाजू खाली गेली.

चैत्र शुद्ध पंचमीला सटवाजी बोरगव्हाणच्या फाट्यावर उतरला. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. कडुलिंब फुलले होते. उरूस दहा दिवसांवर आला होता.

तकियात अमीनशा होता आणि लिंबाजी होता. लिंबाजीचा चेहरा उतरलेला. गावात बोलणं सुरू झालं होतं की यंदा बाड उघडायचं नाही, लिंबाजीनं तोंडपाठ येईल तेवढं म्हणावं. लिंबाजीला तोंडपाठ येत होतं. पण तीन पिढ्यांत बाड न उघडता उरूस झाला नव्हता, आणि तो आपल्या वेळेला होणार, हे त्याला खात होतं.

"आलास का?" तो सटवाजीला म्हणाला. "आम्हाला वाटलं, नाव घेऊन गेला तो गेलाच."

सटवाजीनं खांद्यावरची पिशवी उतरवली, कापडात गुंडाळलेला गठ्ठा काढला आणि अमीनशापुढं ठेवला.

"बारा जुज."

अमीनशानं कापड बाजूला केलं. जुज मोजले. मग पहिला जुज उघडला, त्यातले चार कागद वेगळे केले आणि एकेक हातात घेऊन घडीवरून अंगठ्याचं नख फिरवू लागला.

वरपासून खालपर्यंत. मग पुढचा कागद.

लिंबाजी उठून पाणी प्यायला आणि पुन्हा येऊन बसला. बाहेर चिंचेची सावली सरकत दारात आली. म्हातारा तिसऱ्या जुजावर होता.

सटवाजी समोर बसून त्याच्या अंगठ्याकडं बघत होता. अंगठा कुठं थांबत नव्हता.

सातव्या जुजात थांबला.

...

"हा?"

"तो फाटला होता. घडीतून दोन तुकडे झाले होते."

"कशानं?"

"ओढला. रागात."

"मग?"

"सांधला."

अमीनशानं तो कागद कानाजवळ नेला. दुमडला, उघडला. पुन्हा दुमडला, पुन्हा उघडला. दहा-बारा वेळा. कागदाचा मऊ आवाज येत होता, जुन्या धोतराच्या घडीसारखा. तडकल्याचा आवाज आला नाही.

त्यानं तो कागद बाकीच्या तिघांत घालून जुज पुन्हा लावला आणि पुढचा घेतला.

बारावा जुज संपला तेव्हा दुपार टळली होती.

"कडा?" अमीनशानं विचारलं.

"कडा परत आल्या नाहीत, बाबा. निम्म्या चुलीत गेल्या. उरल्या त्या खाचांत भरल्या."

लिंबाजीनं एक जुज हातात घेऊन उजेडाकडं धरला. उलटा केला, सुलटा केला.

"जिनगर," तो म्हणाला, "यावर नाव नाही का घातलं?"

"जागा नव्हती," सटवाजी म्हणाला.

अमीनशानं गठ्ठा नाकाशी धरला. सरसाचा वास नव्हता. मग तो उठला, भिंत चाचपत गेला आणि बारा जुज कोनाड्यात जिथं होते तिथं ठेवले.

देणं फिटलं.

सटवाजीनं कापडाची घडी करून पिशवीत घातली. बाडाचं त्यानं काही विचारलं नाही. कोनाड्याला आणि म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि पायतण घालायला दाराकडं वळला.

मागं पेटीची कडी वाजली. त्यानं वळून पाहिलं. अमीनशा बाड मांडीवर घेऊन बसला होता आणि रुमालाची गाठ सोडत होता. झिजलेल्या घड्यांची, दुभंगलेली पानं त्यानं सटवाजी उठून गेलेल्या रिकाम्या चटईपुढं मांडली.

"चूल पेटव," तो म्हणाला. "खळ पातळ ठेव."